पुसून टाकणारी ओळ

जबड्यांचे आणि मणक्यांचे नमुने बनवणाऱ्या त्या कार्यशाळेत तिला सगळे 'धाकटी'च म्हणत. तिची थोरली जाऊ तिथे आधीपासून होती, त्यामुळे घरातली हाक कामावरही आली. थोरली संगणकावर जबडे घडवायची, धाकटी संगणक सांभाळायची. कशालाही हात लावण्याआधी चारदा बघायची तिची सवय. मालक वैतागून म्हणत, "हिला पाणी दिलं तरी आधी वास घेईल!"

त्या सकाळी वीज जाऊन आली. थोरलीने आपला मॅक संगणक सुरू केला आणि नुकत्याच आलेल्या स्कॅनवरून काम सुरू केलं. अपघातात एका बसचालकाच्या जबड्याचा चुरा झाला होता. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया, आणि तिच्या तयारीसाठी डॉक्टरांना जबड्याचा नमुना हवा होता. दुपारी तो थ्रीडी छपाईच्या यंत्रावर चढायलाच हवा होता.

जेवणाच्या सुमारास थोरलीने काम सेव्ह करून बंद केलं, तर सर्व्हरवरच्या, सगळ्यांच्या फायली ठेवायच्या शेअर्ड ड्राइव्हमध्ये जुन्या फायलींचा पत्ताच नाही. मालकांनी घाईघाईने ड्राइव्ह स्वतः पुन्हा जोडला. जुनं सगळं आलं, पण सकाळचा जबडा गायब.

"अगं, सेव्ह केला होता मी!" थोरलीचा चेहरा पांढराफटक पडला. "त्या माणसाचं काय होणार आता?"

"रीस्टार्ट करू. निम्मी दुखणी त्यानेच जातात," म्हणत मालकांनी हात पुढे केला.

"हात लावू नका!" धाकटी ओरडली. तिचा इतका मोठा आवाज कुणी ऐकला नव्हता.

"मग काय हात जोडून बसू?"

"बसा. पण आधी मला स्क्रिप्ट वाचू द्या."

मॅक सुरू झाला की एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची यादी, सर्व्हरवरचा ड्राइव्ह आपोआप जोडायची. सोडून गेलेल्या कुणीतरी लिहिलेली. चालतंय ना, मग कोण कशाला उघडून बघतंय! धाकटीने उघडली. आधी, मॅकवरचं ड्राइव्हच्या नावाचं जुनं फोल्डर पुसून टाक. मग त्याच नावाचं रिकामं फोल्डर कर. मग त्यात ड्राइव्ह जोड. जोडला गेला की नाही, हे बघायची सोयच नव्हती.

वीज आल्यावर मॅक लगेच उठला होता, सर्व्हर मात्र अजून डोळे चोळत होता. ड्राइव्ह जोडलाच गेला नाही. थोरली सकाळभर मॅकवरच्याच त्या रिकाम्या फोल्डरमध्ये काम ठेवत होती. मालकांनी नंतर जोडलेला ड्राइव्ह वेगळ्याच फोल्डरमध्ये उघडला होता, म्हणून तिथे ते दिसत नव्हतं. रीस्टार्ट केलं असतं तर स्क्रिप्टने आधी तेच पुसलं असतं.

"असेल तर इथेच असेल, ताई," ती पुटपुटली. तिने ते फोल्डर उघडलं. एकच फाइल. तिने आधी तिची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतली, मग म्हणाली, "आता उघडा."

पडद्यावर जबडा हळूहळू उमटला. थोरलीने प्रत्येक दात, प्रत्येक तडा फिरवून पाहिला. "सगळं आहे गं," ती म्हणाली आणि फाइल छपाईला पाठवली. मालक छपाईचं यंत्र तापवायला गेले.

यंत्राची घरघर सुरू झाल्यावर धाकटीने स्क्रिप्ट बदलली. पुसणारी ओळ काढली. सर्व्हरने ओ दिली नाही तर थांबायचं आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत तसं सांगायचं, असं लिहिलं. मग जेवायचं सोडून तिने नेटवर्कची वायर उपटली आणि मॅक पुन्हा सुरू केला. पडद्यावर अक्षरं आली: 'ड्राइव्ह जोडलेला नाही. काम सुरू करू नका.' तिने वायर पुन्हा लावली आणि थोरलीला म्हणाली, "चला, आता चार घास खाऊ."

बसचालकाची शस्त्रक्रिया ठरल्या वेळी झाली.