धुक्यातली सायकल

डॉक्टरांनी दम भरल्यापासून शिंपीबुवा रोज सकाळी सायकलने तळ्यावर जात होते, निदान घरच्या ग्रुपवर तरी. कधी धुक्यात बुडालेलं तळं, कधी वाऱ्याने आडवं झालेलं गवत, आणि प्रत्येक फोटोत पुढे ऐटीत उभी त्यांची सायकल. प्रत्यक्षात स्वारी शेजारच्या दूधवाल्याच्या टेम्पोतून जायची, सायकल मागे कॅनशेजारी आडवी टाकून. थोरली ताई गुडघ्यांमुळे घराबाहेर पडत नव्हती. तीच प्रत्येक फोटोचं तोंडभरून कौतुक करायची आणि बुवा फुशारून जायचे.

पावसातल्या तळ्याचा फोटो टाकला, त्या दिवशी ताईचा फोन आला.

"अरे, सुनांसमोर नको म्हणून ग्रुपवर नाही लिहिलं. तुझ्या सायकलची चेन पडलीय. धुक्याच्या फोटोपासून बघतेय मी."

बुवांचे कान तापले. आपल्याला सायकल शिकवताना हिनेच सीट धरलं होतं, आणि आपण हिलाच बनवायला निघालो!

"मग ताई, एवढं कौतुक कशाला करत होतीस?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"उद्या आधी चेन बसव आणि मगच फोटो काढ," ताई म्हणाली. "कुणी हसलं तर तू फोटो टाकायचा बंद होशील. मग मला तळं कोण दाखवणार?"