लोहाऱ्याच्या एमआयडीसीतली बर्फाची भिंत

लिहायला फार उशीर झाला, माफ करा. ही सहल उन्हाळ्यातली आणि आता थंडी पडली आहे. मधे दोन-चार वेळा बसलो होतो, पण राग आला की माझी बोटं मोबाइलवर भलतीच अक्षरं दाबतात. सातवीपर्यंत शिकलेला शिंपी आहे मी, सांभाळून घ्या.

माझी मुलगी प्रज्ञा इथे घाटंजीत एका दवाखान्यात नर्स आहे. तिची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. नागपूरच्या एका गिर्यारोहण मंडळाने यवतमाळजवळ लोहाऱ्यात, बंद पडलेल्या आइस्क्रीमच्या कोल्ड स्टोरेजमधे, बर्फाची भिंत उभी केली. लोखंडी सांगाड्याला कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बांधल्या, त्यावर आठवडाभर पाणी ठिबकवलं आणि गोठवलं. दोन मजले उंच. मे महिन्यात, आमच्या जिल्ह्यात. हे डोकं कोणाचं, देव जाणे.

"बर्फ चढाले घाटंजीची पोरगी कायले पाह्यजे?" मी विचारलं.

"हिमाचलात जायचं तर इथं वरपर्यंत चढून दाखवा लागते बाबा. निवडलं तरच हिवाळ्यात नेतात."

"अन् नाही निवडलं तर?"

"तर मी आहेच तुमच्या उरावर."

मग मीही निघालो. लपवत नाही, तिला जमू नये अशीच माझी इच्छा होती.

शनिवारी सकाळच्या एसटीने गेलो. अर्ध्या तिकिटात दोघं, ती बाई म्हणून आणि मी म्हातारा म्हणून. रस्ता बरा आहे, जिथे बरा नाही तिथे कंबर जाते. यवतमाळला स्टँडसमोर कढीत बुडवलेला आलुबोंडा खाल्ला. तिने एकच खाल्ला, म्हणे पोट जड होते. पुढे लोहाऱ्याला ऑटो करा, पण भाडं आधी ठरवा. स्वेटर घेऊन चढलो तर ऑटोवाला म्हणाला, "काका, तब्येत बरी आहे ना?"

आत जाण्याआधी मी प्रज्ञाला लिंबाखाली बसवून घाम सुकू दिला. उन्हातून एकदम गारव्यात शिरायचं नाही, हे आमच्याकडे लेकरालाही कळतं. मंडळाचे सर काळा चष्मा लावून उभे. "काका, उशीर होतोय."

"होऊ द्या. ताप तिले येईन, तुमाले नाही."

शनिवारचा दिवस शिकण्यात गेला. बुटांना खालून खिळे, दोन्ही हातात छोट्या कुऱ्हाडी, कमरेला दोर. कुऱ्हाड बसली की बुटाचे खिळे बर्फात रोवायचे, मग वर सरकायचं. रात्री भाचीकडे मुक्काम केला, झोप काही आली नाही.

रविवारी खरी परीक्षा, आणि खरा ताप. येणाऱ्या प्रत्येकाबरोबर अख्खं घर आलं होतं. बाहेर डांबर वितळत होतं, म्हणून सगळे कोल्ड स्टोरेजच्या दारात सतरंज्या टाकून बसले, मीही त्यांच्यातच. डबे उघडले. शेजारच्या कारखान्यातले कामगार जेवणाच्या सुट्टीत आले, तेही बसले. आपल्याकडे उन्हातल्या माणसाला ऊठ म्हणत नाहीत. आणि ते जाड दार सताड उघडं. मशीन सांभाळणारे सलीमभाई ओरडून ओरडून थकले, "दरवाजा लगाओ भाई, मशीन रो रही है."

"दोन मिनिटं हवा घेऊ द्या ना भाऊ," एक बाई भाकर मोडत म्हणाली. "हवा काय सरून राह्यली?"

सरही म्हणाले, बसू द्या, मंडळाचं नाव होते. चष्म्यातून काय दिसत होतं त्यांना कोण जाणे.

प्रज्ञा अर्ध्यावर होती तेव्हा सरांच्या हेल्मेटवर पाणी टपकायला लागलं. तिचा दोर त्यांच्याच हातात, हलता येईना. तिच्या डाव्या कुऱ्हाडीखालचा बर्फ ढेकळासारखा सुटून पडला. ती घसरली, दोराला लटकली, गर्रकन फिरली. पण वरून आवाज आला, "सर, पुन्हा धरते मी."

"दार लावा कोणीतरी, भिंत गळतेय," सर म्हणाले.

कोणी हललं नाही. मीही बसून राहिलो असतो तर काम झालं असतं. भिंत गेली असती, हिमाचल गेलं असतं, पोरगी घरी राहिली असती. पण ती रोज दवाखान्यातून येऊन दाराच्या चौकटीला लटकायची, हाताची सालं निघेपर्यंत. ती मेहनत या लोकांच्या हवा खाण्यापायी वाहून जावी? माझं डोकं फिरलं.

"उठा सगळे. माह्या पोरीची परीक्षा सुरू आहे."

"अन् तुमी काहून बसता मंग?" भाकरवाल्या बाईने विचारलं. "तुमाले गारवा, आमाले ऊन?"

मी उठून चपला घातल्या. "मी बी निंगतो. चाला."

सगळ्यांना बाहेर काढलं, मीही निघालो, दार लोटलं आणि कोणी पुन्हा उघडू नये म्हणून पाठ लावून उन्हात उभा राहिलो. लोक माझ्या सात पिढ्या काढत होते. मीही त्यांच्या काढल्या.

बऱ्याच वेळाने आतून थाप पडली. सलीमभाई. "चाचा, बिटिया ऊपर तक गई."

मला काहीच दिसलं नव्हतं. आजही राग येतो तो याचाच. बाकी सगळ्यांना सांगतो, असं काही पाहायला जाल तर घरदार सोबत नेऊ नका, ज्याला हवा हवी त्याने कूलरसमोर बसावं.

परतीच्या गाडीत ती माझ्या खांद्यावर झोपली. मी घाटंजी येईपर्यंत धुमसत होतो. तिला निवडलं होतं.

आता ती हिमाचलात आहे. जाताना खालच्या गावातून फोन आला होता, पुढे रेंज नाही म्हणाली. मी पहाटे उठून मोबाइल पाहतो, दुपारी पाहतो. दार मीच लावून दिलं, आता रागावू कोणावर? प्रज्ञा, खाली आलीस की आधी फोन कर. तुला उशीर असेल तर जो कोणी आधी खाली येत असेल त्याच्याजवळ नंबर दे, दोन शब्द सांगू दे, बरी आहे म्हणून. पण लवकर कळव बाई.