खारूला काय काय कळतं

बाजाराच्या मागच्या गल्लीत कपडे मापात बसवून देणारं एक दुकान होतं. पँटचे पाय आखूड करणं, कंबर सैल करणं, चेन बदलणं असली कामं तिथे चालत. मशीनवर बसणाऱ्या बाईला सगळे मागे ‘कात्री’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि वाईट वाटत नव्हतं. गिऱ्हाईक म्हणालं, “धुतल्यावर पँट आटली हो,” की ती मान वर न करता म्हणे, “पँट तेवढीच आहे.” दुकानाचा मालकही तिच्याशी बोलताना शब्द जपून वापरायचा.

तिची मुलगी खारू सात वर्षांची झाली तरी एक अक्षर बोलत नव्हती. दुकानातली बटणं मुठीत साठवून ठेवायची सवय, म्हणून खारू. ऐकू चांगलं यायचं. शेजारच्या घरात डबा उघडला तरी हिची मान वळे. हसायची, चिडायची, आवडलं नाही तर जमिनीवर आडवी पडायची. पण तिच्या डोक्यात नेमकं काय चाललंय, किती समजतं, शिकवायचं तर कुठून सुरुवात करायची, हे कुणीतरी जाणकाराने तपासून सांगावं, एवढीच कात्रीची मागणी होती. त्या मागणीपायी तिने जे जाणकार पाहिले, त्यांची आठवण काढली तरी तिचा ओठ आपोआप वाकडा व्हायचा.

पहिला मुलांचा डॉक्टर. तो खारू तीन वर्षांची असल्यापासून “थांबा, बोलेल” म्हणत होता. त्याचा स्वतःचा भाऊ म्हणे पाचव्या वर्षी बोलायला लागला आणि आता वकील आहे. कात्री दरवेळी ही भावाची कथा ऐकून परत यायची. शेवटी एकदा म्हणाली, “डॉक्टर, तुमच्या भावाचं छान झालं. माझ्या मुलीचं काय?” त्यावर त्याने मोठ्या इस्पितळातल्या तज्ज्ञाकडे चिठ्ठी दिली. बला टळल्याचं समाधान त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

मोठ्या इस्पितळातल्या तज्ज्ञाचे केस पांढरे होते आणि टायची गाठ ढिली होती. कात्रीपेक्षा दुप्पट वयाचा तो माणूस तिला “आई” म्हणत होता. “आई, तुम्ही बाजूला बसा.” “आई, तिला मदत करू नका.” मग त्याने खारूसमोर चित्रांची वही उघडली आणि विचारलं, “सांग बरं, हे काय आहे?”

“ती बोलत नाही,” कात्री म्हणाली.

“आई, प्लीज.” त्याने पान उलटलं. “आणि हे?”

खारू टेबलाखाली गेली. तज्ज्ञ वरून विचारत राहिला, खाली खारू त्याच्या बुटाची नाडी सोडत राहिली. शेवटी त्याने निकाल सांगितला : बुद्धी दीड वर्षाच्या बाळाइतकी, पुढे फार अपेक्षा ठेवू नका. उठताना स्वतःच्याच सुटलेल्या नाडीवर पाय पडून तो दाराशी धडपडला. कात्रीने त्याला सावरलं नाही.

“जी बोलत नाही तिला बोलायला सांगितलं आणि बोलली नाही म्हणून नापास केलं,” ती घरी नवऱ्याला म्हणाली. “आंधळ्याला ओळी वाचायला लावल्या असत्या या शहाण्याने.”

नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, मऊ स्वभावाचा. त्याने ‘दीड वर्ष’ हे दोनच शब्द ऐकले होते. तो गच्चीत जाऊन बराच वेळ उभा राहिला.

मग नणंद आली. तिच्याकडे प्रत्येक दुखण्यावर एक माणूस असायचा. “वहिनी, मी सांगते तिथे जा. फार मोठी बाई आहे. असल्या मुलांशी ती बोलते, म्हणजे मुलंच बोलतात तिच्याकडून.”

बाई मोठी होती यात शंका नव्हती. काचेची दारं, भिंतीतल्या टाकीत मासे, आणि बाईंचा आवाज असा की जणू सगळं जग नुकतंच झोपलंय. त्यांनी खारूला मांडीजवळ घेतलं, तिचं मनगट आपल्या हातात धरलं आणि समोर अक्षरांची पाटी ठेवली. खारूचं बोट एकेका अक्षरावर टेकू लागलं. बाई अक्षरं जोडून वाचत गेल्या : “आई बाबा मी आत सगळं ऐकते.”

नवऱ्याचा बांध फुटला. तो खाली बसला आणि लेकीच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडला. कात्रीलाही ते खरं वाटलं. त्या दिवशी घरी येईपर्यंत तिने कुणालाच टोमणा मारला नाही, आणि तिच्या बाबतीत ही मोठीच गोष्ट होती.

पण दुसऱ्या भेटीत तिने खारूच्या बोटाऐवजी खारूकडे पाहिलं. पोरगी मान मागे टाकून छताच्या पंख्याकडे बघत होती. पाटीकडे तिची नजरही नव्हती, आणि बोट मात्र झरझर अक्षरं गाठत होतं. ज्या मुलीला कुणी अ दाखवला नाही, ती पंखा बघत जोडाक्षरं बिनचूक जुळवत होती. कात्रीचा विश्वास तिथल्या तिथे विरघळला.

तिसऱ्या भेटीला ती म्हणाली, “मी एक विचारू का तिला?”

“विचारा ना. ती ऐकतेय.”

“खारू, आज सकाळी तू बाबांच्या बुटात काय टाकलंस?”

बुटात तिने बटणं टाकली होती, मूठभर. नवरा बूट झटकत ओरडला होता, सगळ्या घराने ऐकलं होतं. फक्त मोठ्या बाईंना ते ठाऊक नव्हतं. मनगट क्षणभर थांबलं. मग बोट हळूहळू फिरलं आणि बाईंनी वाचलं, “प्रेम.”

“बुटात प्रेम टाकलं,” कात्री म्हणाली. “बरोबर. म्हणूनच चावलं यांना.”

बाईंचा झोपाळू आवाज पहिल्यांदा जागा झाला. घरात नकारात्मक वातावरण असलं की मुलं मिटतात, असं त्या म्हणाल्या. कात्रीने खारूचं मनगट त्यांच्या हातातून सोडवलं, तिला स्वेटर चढवला आणि माशांसमोरून चालती झाली.

घरी येऊन नवरा म्हणाला, “काय मिळालं तुला? माझी मुलगी माझ्याशी बोलत होती.”

“ती बाई बोलत होती तुमच्याशी.”

“मग बोलू द्यायचं होतंस.”

पुढे कित्येक दिवस दोघं एकमेकांशी फक्त कामापुरतं बोलले, आणि नणंदेने वहिनीच्या जिभेबद्दल घरोघर जे सांगायचं ते सांगितलं.

चौथी जाणकार एका गिऱ्हाइकाकडून कळली. शाळेत शिकवणारी एक बाई बाह्या आखूड करायला आली होती. ती म्हणाली, न बोलणाऱ्या मुलांचीच तपासणी करणारी एक जण आहे, फक्त नंबर लागायला वेळ लागतो. नंबर लागला तो हिवाळ्यात. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली, जिन्यात रबराचा वास, दारावर पेनाने लिहिलेला कागद. आत एक तरुण बाई सर्दीने नाक लाल करून बसली होती, आणि तिच्या अंगातल्या स्वेटरची शिवण बाहेर होती.

जिला स्वेटरची सुलट बाजू कळत नाही तिला माझ्या पोरीची काय कळणार, असं कात्रीच्या मनात आलं. नशिबाने ते मनातच राहिलं.

पहिल्या भेटीत सर्दीवालीने काहीच केलं नाही. फरशीवर बसली, घट्ट झाकणाच्या बरणीत काही बटणं टाकली आणि बरणी मध्ये ठेवून दिली. खारूने बरणी हलवली, आपटली, झाकणाला दात लावून पाहिले. मग ती बाईच्या मांडीवर नेऊन ठेवली. बाईने झाकण उघडलं, एक बटण दिलं, पुन्हा बंद केलं. हेच चालू राहिलं, तासभर. मधूनमधून शिंका.

“हे आम्ही घरीही करू शकलो असतो,” जिना उतरताना कात्री म्हणाली.

दुसऱ्या भेटीत बाईने विचारलं, “घरी तिला काय काय कळतं?”

“सगळं कळतं,” कात्री म्हणाली. “लाल बटण आण म्हटलं की लाल आणते. निळं म्हटलं की निळं.”

“दाखवता का?”

कात्रीने चार रंगांची बटणं मांडली. लाल म्हणताच खारूने लाल उचललं. निळं, पिवळं, पुन्हा लाल. एकही चूक नाही. इस्पितळातला तो टायवाला आत्ता इथे हवा होता, असं कात्रीला वाटलं.

“छान,” बाई नाक पुसत म्हणाली. “आता तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसा आणि तिथूनच सांगा.”

कात्री भिंतीकडे वळली. “खारू, लाल दे.” मागे शांतता. “खारू, लाल.” तिने वळून पाहिलं. खारू तिच्या पाठीकडे टक लावून बघत बसली होती, चारही बटणं जागच्या जागी. पुन्हा पुन्हा केलं. एकदा पिवळं आलं, एकदा सगळी तोंडात गेली.

“तुम्ही नाव घेता त्याच्या आधी तुमची नजर त्या बटणावर जाते,” बाई म्हणाली. “ती तुमचे डोळे बघते.”

कात्रीचे कान तापले. मासेवाल्या बाईने मनगट धरलं होतं. आपण काय वेगळं केलं होतं? आणि तेही इतकी वर्षं, इतक्या तोऱ्यात. “म्हणजे त्या इस्पितळवाल्याचं खरं,” ती म्हणाली. “दीड वर्षाची बुद्धी. हिला काही कळत नाही.”

“असं मी कुठे म्हटलं? रंगांची नावं कळत नाहीत, एवढंच म्हटलं. पण समोरच्याच्या डोळ्यांवरून काय हवंय ते ओळखायला ती आपली आपण शिकलीय. दीड वर्षाच्या बाळाला हे इतकं बिनचूक जमत नाही. त्यांनी काय तपासलं मला माहीत नाही. मला अजून चार-पाच वेळा भेटावं लागेल. आणि तुम्ही पाठ करून बसायचं.”

“आणि मी?” नवऱ्याने विचारलं. खोलीत शिरल्यापासूनचं त्याचं ते पहिलं वाक्य.

“तुम्हीही. तुमचा तर चेहराच सगळं सांगतो.”

मग तो हिवाळा दोघं नवराबायको एका भिंतीकडे तोंड करून बसले, शिक्षा झालेल्या पोरांसारखे, खांद्याला खांदा लावून. मागे काय चाललंय ते फक्त आवाजावरून कळे. त्या भिंतीला तडा होता, ओल होती, आणि दोघांना पुन्हा एकमेकांशी बोलायला तीच भिंत उपयोगी पडली. आधी कुजबुजत तिच्या ओलीबद्दल, मग इतर.

शेवटी बाईने जे सांगितलं त्यात गोड काही नव्हतं. घरातल्या माणसांची आणि रोजच्या वस्तूंची नावं खारूला कळतात. रंग, आकडे कळत नाहीत. लांब वाक्यातला एखादाच शब्द ती पकडते. चित्र हातात देऊन वस्तू मागायची, हे ती लवकर शिकली. बोलेल की नाही, सांगता येत नाही. “आणि एक. तिला ‘नको’ म्हणायला आपण काही दिलेलंच नाही, म्हणून ती आडवी पडते. पहिलं ते देऊ.”

‘नको’चं चित्र म्हणजे पुठ्ठ्यावर एक आडवा तळहात. खारूने ते महिनाभर चावून पाहिलं. मग एका संध्याकाळी नणंद आली, “ये गं माझ्या शहाणीला पापी देते” म्हणून पुढे झाली, आणि खारूने तो ओला पुठ्ठा तिच्या हातावर ठेवला.

“हे काय?” नणंद म्हणाली.

“नको म्हणतेय,” कात्री म्हणाली. “स्वतःच्या हाताने म्हणतेय, ताई. मनगट कुणी धरलेलं नाही, बघून घ्या.”

असं सुख तिला बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं. ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकलं. सकाळी ती खारूचे केस विंचरायला बसली. गुंता मोठा होता, हात नेहमीसारखा घाईचा. दोनदा फणी ओढली, आणि तिच्या मांडीवर पुठ्ठा येऊन पडला.

“मला?” कात्री म्हणाली. “अगं, मी आई आहे.”

खारूने पुठ्ठा उचलला आणि पुन्हा, जरा जोरात, ठेवला. दारात बूट घालत असलेला नवरा हसू दाबायला भिंतीकडे वळला. कात्रीने फणी बाजूला ठेवली. त्या दिवशी खारू झिंज्या तशाच घेऊन दुकानात आली, आणि ज्या ज्या गिऱ्हाइकाने मुलीच्या अवताराबद्दल विचारलं, त्याला कात्रीने मान वर न करता सांगितलं, “तिने नको म्हटलंय.”