रुखवतातलं पिल्लू

मंगल कार्यालयात शिरले ती थेट रुखवताकडे गेले. लग्नात मला तेवढंच बघायला आवडतं, मुलीकडच्यांनी मांडलेले लाडू, चकल्या, लोकरीचे रुमाल. टेबलाच्या मधोमध एक वेताची टोपली होती आणि टोपलीत मी दिलेलं पर्शियन मांजरीचं पिल्लू बसलं होतं. जिवंत! गळ्यात जरीची फीत, कपाळावर कुंकू. बाहेर बँडवाले जीव तोडून वाजवत होते आणि ते कान पाडून थरथरत होतं.

हे पिल्लू मी कुणा ऐऱ्यागैऱ्याला दिलं नव्हतं. शुक्रवार पेठेत आमच्या घरी पर्शियन मांजरी आहे. तिची पिल्लं तीन महिन्यांची झाल्याशिवाय, लसी झाल्याशिवाय मी देत नाही. घेणाऱ्याचं घर बघते. खिडक्यांना जाळी आहे का, दुपारी घरी कोण असतं, रोज केस कोण विंचरणार, सगळं विचारते. शिवाय दोन अटी. मी कधीही न सांगता बघायला येणार, आणि हाल दिसले तर तिथल्या तिथे उचलून नेणार. पटत नसेल तर रस्त्यावर मांजरं काय कमी आहेत? शेजारीण चिडवते, "लेक द्यायलीस का मांजर?" चिडवू दे.

नवरी नव्या पेठेतल्या एका कापड दुकानात हिशेब बघायची. पिल्लू देण्याआधी मी तिच्या घरी चारदा गेले होते. नंतरही अचानक जायचे, आणि दर वेळी पिल्लू कसं चकचकीत असायचं. लग्न ठरल्यावर ते तिच्या आईकडेच राहील असं मी धरून चालले होते.

मी पिल्लू उचललं. तेवढ्यात मागून आवाज आला, "ओ ताई, रुखवतातलं कुटं नेताय? आमच्या सुनंचं हाय की ते!"

मंद्रूप गावाहून आलेली नवऱ्या मुलाची आई होती.

"जीव आहे हा, शोभेची वस्तू नाही," मी म्हणाले. आवाज चढलाच होता. "कुठे ठेवणार तुम्ही हिला?"

"मांजर न्हवं का? गोठ्यात ऱ्हाईल की. घरात कोन घेतंय!"

माझं डोकंच फिरलं. पिल्लू छातीशी धरून मी तडक नवरीच्या खोलीत शिरले. माझा चेहरा बघून तिने बाकीच्या बायकांना बाहेर पाठवलं.

"लाज नाही वाटली? गोठ्यात टाकायला दिलं होतं का मी?"

"रुखवतात ठेवलं म्हणून तरी सासरचे नेतील, काकू," ती हळू आवाजात म्हणाली. "नुसतं विचारलं असतं तर नको म्हणाले असते."

"अगं, पण तिथे तिचे हाल होतील."

"माहितेय की. पण ही तिथे असली तर तुम्ही येणार ना? न सांगता?"

मला काही कळेना.

"हिला देताना तुम्ही आमचं घर चारदा बघितलं. माझं सासर घरच्यांनी एकदाच बघितलं, तेही चहापाण्यापुरतं. आता आई सारखी यायची नाही. मुलीच्या घरी सारखं गेलेलं बरं दिसत नाही म्हणते. तुमचं तसं नाही, तुमची अटच आहे."

भांडायला आले होते मी. एवढी कमावती, हुशार मुलगी, आणि तिच्याकडे बघायला येणारं माणूस तिने असं मांजरामागे लपवून मिळवलं होतं. पदराचं टोक ओलं करून मी पिल्लाच्या कपाळावरचं कुंकू पुसलं आणि त्याला तिच्या मांडीवर ठेवलं.

बाहेर तिची सासू रुखवतापाशीच उभी होती.

"पिल्लू तुमच्याकडे येतंय," मी म्हणाले. "गोठ्यात नाही, घरात ठेवायचं. मी बघायला येणार, न सांगता. आणि हाल दिसले तर तिथल्या तिथे घेऊन जाणार."

ती हसली. "मांजराला व्हय?"

"दोघींना," मी म्हणाले.