ठाण्यात जमा केलेली बंदूक

आमच्या गावात परवान्याच्या दोनच बंदुका होत्या. एक पाटलांची, एक माझ्या बाबांची. बाबा फौजेतून हवालदार होऊन आलेले, म्हणून बौद्धवाड्यात परवाना आला, आणि तो काही लोकांच्या डोळ्यात कायम खुपला.

निवडणूक आली की बंदुका ठाण्यात जमा करायच्या, असा नियम. पाटील जमादाराला चहा पाजून आपली घरीच ठेवायचे. बाबा मात्र बंदुकीला तेल लावून, फडक्यात गुंडाळून नेऊन द्यायचे आणि पावती घेऊन यायचे. "कायदा आपल्या माणसानं लिवलाय, आपुनच मोडावा व्हय?" असं म्हणायचे. तेव्हा मला लई अभिमान वाटायचा. आता विचाराल तर चीड येते.

त्या खेपेला बंदूक ठाण्यात असतानाच परवान्याची मुदत संपली. नवा शिक्का पडल्याशिवाय ती परत मिळेना. आणि नेमका तेव्हाच जिल्हा फुटला. आमचं गाव नव्या लातूर जिल्ह्यात आलं, फाईल जुन्याच ठिकाणी राहिली. इकडचे म्हणत, आली नाही. तिकडचे म्हणत, कधीच पाठवली. बाबा आठवड्याला एकदा एसटीनं जायचे आणि हात हलवत परत यायचे.

वरून दुष्काळ. डोंगरातलं पाणी आटलं तशी रानडुकरं खाली उतरली. अख्ख्या शिवारात आमच्याच विहिरीपाशी थोडी ओल होती. तिथली दीड एकर ज्वारी म्हणजे आमचं वर्षाचं पोट. आई डबा बडवत राखण करायची. बाबा कचेरीला गेले होते त्या दिवशी, चांगलं उजाडल्यावर, एका डुकरानं तिची मांडी फाडली. बाजेवर घालून हद्दीपलीकडं जवळच्या मुखेडला नेलं, तिथून नांदेडला. पाय वाचला न्हाई.

मी बाबांना वाट्टेल ते बोलले. "पाटलासारखी घरात ठिवली असती तर? आता ती पावती बांधा आईच्या मांडीला!" काय करावं त्या माणसाचं! पुढच्या आठवड्याला पुन्हा एसटीत बसून कचेरीला गेले.

पुढं तालुक्याला कलेक्टर साहेबांनी सभा घेतली. पीक राखायला बंदुका सढळ हातानं द्याव्यात का, यावर गावोगावची माणसं भांडायला लागली. पाटील तावातावानं म्हणाले, शेतकऱ्याला बंदूक पाहिजेच. टाळ्या पडल्या. मग बाबा उठले. मला वाटलं, आता तरी हक्कानं मागतील.

"द्यायच्या तर समद्यांना एकाच कायद्यानं द्या साहेब," ते म्हणाले. "न्हाईतर मलाबी नको, कुणालाच नको. ज्याच्या घरात ऱ्हायली त्यानं डुकरापेक्षा आमच्या वाड्याकडंच जास्त रोखलीय."

साहेबांच्या बाजूला एक कारकून भराभरा लिहून घेत होता.

महिन्याभरानं लिफाफा आला. परवाना नामंजूर. कारण, अर्जदारास शस्त्राची गरज नाही असे त्याने स्वतः सभेत सांगितले आहे. बाकीचं बोलणं गाळलं होतं.

बाबांनी वाचून कागद माझ्या हातात दिला. आतून आईनं विचारलं, "काय लिवलंय गं?"

"चौकशी चालू हाय म्हणं," मी म्हणाले.

लहानपणी खोटं बोलले की बाबा कानाखाली द्यायचे. त्या दिवशी ते माझ्याकडं नुसते बघत राहिले.