भिंतीकडे तोंड करून

रोज सकाळी पहिल्या पातेल्याला उकळी आली की आत्या चमच्यावर एक नूडल घ्यायची, फुंकर मारायची आणि डोळे मिटून ती जिभेने टाळूवर दाबायची. दात लावायचे नाहीत. दाबल्याबरोबर तुटली तर आच बंद, नाहीतर आणखी दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांत तिच्याशी कोणी बोललेलं तिला खपत नसे. दूधवाल्यालाही ती नुसता हात वर करून दारातच थांबवायची.

तीस वर्षं तिने हे केलं. बाटल्यांच्या कारखान्यासमोर तिचं तीन टेबलांचं दुकान होतं आणि तिथे एकच पदार्थ मिळायचा, परदेशी नूडल्सचं सूप. बोटाच्या पेराएवढे नूडल्सचे तुकडे, गाळून घेतलेला रस्सा, आणि खायला चमचा. तिन्ही टेबलं भिंतीला लावलेली, खुर्च्यांची तोंडंही भिंतीकडे. नवं गिऱ्हाईक गोंधळलं की आत्या समजावून सांगायची, "त्यांच्या देशात असंच असतं. जेवताना कोणाचं तोंड बघायचं नाही, आपलं दाखवायचं नाही."

हे ज्ञान तिला इंजिनिअरसाहेबांकडून मिळालं होतं. कारखान्यात नवी यंत्रं आली तेव्हा ती बसवायला साहेब त्या देशातून आले. आतोबा तिथे फोरमन होते. साहेबांना बाहेरचं जेवण सोसेना, म्हणून आतोबांनी त्यांना घरी आणलं आणि माडीवरची खोली दिली. साहेब तीन वर्षं राहिले. त्यांना आपली भाषा जेमतेम, आत्याला त्यांची अजिबात नाही, पण ओट्यापाशी दोघांचं झकास जमायचं. पीठ असं मळायचं, असं लाटायचं, असं बारीक कापायचं, शिजलं की नाही ते जिभेने असं बघायचं, सगळं त्यांनी हातवारे करून शिकवलं. मग वाडगा घेऊन साहेब वर जायचे आणि दार ओढून घ्यायचे. एकदा पाणी द्यायला गेलेल्या आत्याला ते फटीतून दिसले. भिंतीकडे तोंड करून, पाठमोरे, शांतपणे जेवत होते. आत्या तांब्या उंबऱ्यावर ठेवून मागे फिरली. ज्याची त्याची रीत, असं तिने आतोबांना सांगितलं.

साहेब मायदेशी गेले. काही वर्षांनी आतोबा वारले. तेव्हा आत्याने हे दुकान थाटलं आणि पाटीवर 'अस्सल' हा शब्द सगळ्यात मोठा लिहून घेतला. दुकान चाललं. दात यायच्या वयाची पोरं त्या सुपावर पोसली गेली. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर दाढ काढली की पेशंटला सरळ खाली पाठवायचे. नुकतं जुळलेल्या जोड्यांना तर भिंतीकडे तोंड करून बसण्याइतकी सोयीची रीत दुसऱ्या कुठल्याच देशाने दिली नव्हती.

मग कोपऱ्यावर नवं रेस्टॉरंट उघडलं. तिथला आचारी त्या देशात सहा वर्षं शिकून आलेला. माझा आतेभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, पहिल्याच आठवड्यात तिथे जाऊन जेवून आला.

"आई, तिथल्या नूडल्स हातभर लांब आहेत. आणि चावाव्या लागतात."

"कच्च्या राहिल्या असतील."

"कच्च्या नाहीत गं. तशाच असतात. आणि लोक समोरासमोर बसून फुर्र फुर्र ओढतात."

"वळण नसेल लावलं कोणी," आत्या म्हणाली आणि पीठ मळत राहिली. पण दुसऱ्या दिवशी दुपारी ती ठेवणीतले कपडे घालून तयार होती. "चल गं," ती मला म्हणाली. "बघू तरी काय दिवे लावलेत."

तिने अख्खा वाडगा संपवला. बराच वेळ लागला, कारण ती प्रत्येक घास चावत होती आणि चावताना विचार करत होती. मग तिने आचाऱ्याला बाहेर बोलावलं.

"तुम्ही कापत नाही या?"

"नूडल्स? तिकडे कापून फक्त आजाऱ्याला देतात, काकू."

"आणि भिंतीकडे तोंड करून बसत नाहीत?"

आचारी हसला. "भिंतीकडे? शाळेत शिक्षा झाली तर बसत असतील!"

आत्याही हसली, पैसे दिले आणि घरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी पातेलं चढलंच नाही.

दादाने आधी तिला गोंजारून पाहिलं, मग वाद घातला. आपणही लांब नूडल्स करू, खुर्च्या फिरवू, हाय काय नि नाय काय. आत्या ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "आधी मला कळू दे."

"काय कळायचंय?"

"तीन वर्षं माझ्या घरात जेवला तो माणूस. जाताना ह्यांच्या पाया पडला. तो माझी थट्टा करून गेला का? तसं असेल, तर तीस वर्षं मी लोकांना काय खाऊ घातलं?"

तिसऱ्या दिवशी डॉक्टर खाली आले. "वहिनी, माझे पेशंट उपाशी मरतायत हो." आत्याने त्यांना चहा दिला आणि परत पाठवलं.

साहेबांचं एक जुनं पत्र कपाटात होतं, त्यावर पत्ता होता. मी इंग्रजीत लिहिलं. आत्याने सांगितलं तसं, आडपडदा न ठेवता: तुम्ही शिकवलेलं खरं होतं की खोटं, एवढंच कळवा. पाकीट टाकलं आणि आम्ही वाट बघत बसलो. त्या दिवसांत आत्याने दुकानातलं एकूण एक भांडं दोन-दोनदा घासलं. पोस्टमन गल्लीत शिरला की ती ओट्याशी काहीतरी काम काढायची, आणि तो पुढे गेला की ते काम अर्धवट सोडून द्यायची.

महिन्याने उत्तर आलं. साहेब चार वर्षांपूर्वी वारले होते. लिहिलं होतं त्यांच्या मुलीने. मी मोठ्याने वाचत, जमेल तसं मराठीत सांगत गेले.

बाबांचे दात विशीतच एका अपघातात गेले, तिने लिहिलं होतं. कामावर ते कवळी लावत, पण जेवताना काढून ठेवत. त्याची त्यांना इतकी लाज वाटायची की आमच्यासमोरही ते कधी जेवले नाहीत. नूडल्स कापून, मऊ शिजवून लागायच्या त्या त्यांना एकट्याला.

आत्याने तोंडावर हात ठेवला. "अगंबाई! माणसाकडे चणे होते, दात नव्हते."

"म्हणजे आई," दादा म्हणाला, "तीस वर्षं तू गावाला कवळीचं जेवण घातलंस."

"गप रे! पुढे वाच गं."

पुढे लिहिलं होतं: तुमच्याकडून परत आल्यावर बाबा आईने केलेलं सूप बाजूला सारायचे. म्हणायचे, तिकडच्या बाईंसारखं कर, वर तळलेला लसूण घाल. आई चिडायची, असला लसूण आपल्यात कुठे घालतात? पण शेवटी तिने घातला. आता आमच्या घरी दर रविवारी तसंच होतं आणि माझ्या मुलांना ती आपलीच जुनी पद्धत वाटते. फक्त आमचा लसूण कडू लागतो. तुम्ही तो कसा तळता?

"लसूण?" आत्या गोंधळली. "लसूण कुठे त्यांचा? तो मी घातला होता. पहिल्याच दिवशी. रस्सा अगदीच मिळमिळीत लागत होता." आणि मग तिला हसू फुटलं. कमरेतून वाकून, डोळे पुशीत ती हसत राहिली. मध्येच थांबून म्हणायची, "रविवारी! दर रविवारी!" आणि पुन्हा सुरू.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. स्टुलावर चढून, रॉकेलच्या बोळ्याने तिने पाटीवरचा 'अस्सल' स्वतः पुसला. बाकीचं तसंच ठेवलं. दादाला तिने दुसऱ्या पातेल्यात लांब नूडल्स करायची परवानगी दिली आणि तो करताना त्याच्या डोक्यावर उभं राहायची सवय लावून घेतली. दादाने खुर्च्याही फिरवल्या. दुपारपर्यंत गिऱ्हाइकांनी त्या पुन्हा भिंतीकडे करून घेतल्या.

साहेबांच्या मुलीशी मात्र पत्रव्यवहार जुळला. लसूण किती जाड चिरायचा, तेल किती तापवायचं, यावर पानंच्या पानं गेली. तिकडून लसणाचे फोटो यायचे. आत्या चष्मा लावून ते न्याहाळायची आणि एखाद्या परीक्षकासारखी मान हलवायची. "अजून करपवते ही मुलगी."

आत्या गेली त्याच्या आदल्या रविवारी मी तिच्याकडे होते. तिची तब्येत ठणठणीत होती, नेहमीसारखीच ओट्याशी उभी होती आणि मी टेबलाशी बसून तिचं पत्र लिहून घेत होते. सही करायला ती आली, केली, आणि ओट्याकडे जाता जाता वळली.

"थांब, खाली एक ओळ घाल. लसूण सोनेरी व्हायच्या जरा आधीच काढायचा, ताटलीत त्याचा तो रंग धरतो. लिहिलंस? बरं. आता ते पाकीट बाजूला ठेव आणि हात धुऊन ये, वाढलंय."