आधी सक्कारा, मग गिझा

आमच्या गॅरेजचे स्टोअरकीपर हमदुल्ला परकार यांनी इजिप्तच्या सहलीवरून माझं जे डोकं खाल्लं, त्याला तोड नाही. शारजा औद्योगिक क्षेत्रातलं आमचं गॅरेज म्हणजे दिवसभर ठाकठोक आणि चार भाषांतल्या शिव्या. मी तिथं अकाउंट्स सांभाळते. मूळची पुण्याची, त्यामुळे स्पष्ट बोलते, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलेलं नाही. जेवणाच्या सुट्टीत हमदुल्लाभाई डबा घेऊन माझ्या टेबलापाशी यायचे, कारण नकाशे बघायला त्यांचा फोन लहान पडायचा. मग सुरू व्हायचं, विभाताई, जरा सक्कारा उघडा, विभाताई, तिथून गिझा किती लांब, विभाताई, म्हाताऱ्या माणसाला व्हीलचेअर मिळते का.

म्हातारं माणूस म्हणजे त्यांची थोरली बहीण, बदरुन्निसा आपा. आई लवकर गेली, तेव्हा हमदुल्लाभाईंना आपानंच वाढवलं. त्यापायी लग्न करायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. दापोलीकडच्या एका खाडीकाठच्या गावात मराठी शाळेत तिनं जन्मभर इतिहास शिकवला. दरवर्षी फळ्यावर पिरॅमिड काढायची आणि दरवर्षी पोरं विचारायची, बाई, तुम्ही पाहिलाय का? गल्फात आल्यावर पहिल्याच पत्रात भावानं लिहून टाकलं की आपा, तू रिटायर झालीस की मी तुला तिथं नेऊन उभी करणार. आता बोलायला काय जातं? दर सुट्टी गावाला जायची. कधी कुणाचं लग्न, कधी घराचा स्लॅब, कधी कुणाची मयत. आपा रिटायर झाली, तिचे गुडघे गेले, आणि भाईंच्या दाढीत काळा केस शोधावा लागायला लागला. त्या वर्षी मात्र त्यांनी हट्टच धरला. आपाला एकदा, फक्त एकदा, पिरॅमिडसमोर उभी करायची, बाकी दुनिया गेली खड्ड्यात.

त्यांची बायको यम्ना आणि मुलगा उझैर गावी आपाबरोबरच राहायचे. यम्नाभाभींनी आधीच हात वर केले होते. तुम्ही भाऊ-बहीण जा, मला दगड बघायची हौस नाही, म्हणाल्या. बेत असा की आपानं व्हिजिट व्हिसावर शारजाला यायचं आणि इथून दोघांनी चार दिवस कैरो.

चार दिवसांची तर सहल! माझी मुलगी काव्या म्हणालीसुद्धा, "मम्मा, व्हाय डझन्ट ही जस्ट बुक अ पॅकेज?" केलं असतं हो, पण पॅकेजमध्ये गिझा आधी होतं, आणि ते आपाला चालेना. तिचे व्हॉइस मेसेज यायचे, भाई ते स्पीकरवर लावायचे आणि आम्ही दोघं पोळीचा घास हातात धरून शाळेतल्यासारखे ऐकायचो. सक्काराचा पायऱ्यांचा पिरॅमिड सगळ्यांत जुना, तो आधी बघायचा, मग गिझा. पाचवीच्या आधी सातवी शिकवतात का, हमदू? उंटावर मी बसणार नाही. नाईलवर नाचगाण्याचं जेवण नको, मी वरातीला येत नाहीये. भाई लगेच एजंटला फोन लावायचे. तो हबीबी, हबीबी करत कंटाळला, शेवटी म्हणाला, खलास, तुमची आपा म्हणेल तसं. चहाच्या दिरहमचेही मोठ्यांदा रुपये करणारा हा माणूस, पण या सहलीचे रुपये त्यांनी एकदाही केले नाहीत.

मेसेजमधला आपाचा आवाज हळूहळू बसत चालला होता. विचारलं की सर्दी, हवा बदलली, असं काहीतरी उत्तर यायचं. तिकिटं निघाली, व्हिसे झाले, आणि जायच्या तोंडावर आपानं कळवलं की डॉक्टर विमानात बसू नका म्हणतात, गुडघे फारच सुजलेत, तू एकटा जाऊन ये.

हमदुल्लाभाई इतके चिडलेले मी कधी पाहिले नव्हते. तिकीट फाडून टाकतो म्हणाले. ते मोबाईलमध्ये आहे, फाडणार कसं, असं मी म्हटलं, तर माझ्यावरही चिडले. दोन दिवस त्यांनी आपाचा फोन घेतला नाही. मग एक मेसेज आला. तो त्यांनी माझ्यासमोर लावला.

"हमदू, मी जन्मभर पोरांना जे सांगितलं ते खरं आहे का, हे आपल्या घरातल्या कुणीतरी जाऊन बघायला हवं. माझ्यानं होत नाही. तू जा, बाबा."

गेले बिचारे.

आता एक गोष्ट सांगायला हवी. गल्फात माणूस असला की घरचे त्याला वाईट बातमी देत नाहीत. परदेशात एकटा आहे, रजा मिळणार नाही, उगाच जीवाला घोर, असा विचार. माझ्या सासूबाईंचा पाय मोडलेला मला प्लास्टर निघाल्यावर कळला. आम्हीही कमी नाही, नोकरी गेली तरी इथून मजेत आहोत असंच सांगतो. दोन्हीकडून मायेनं खोटं बोलायचं, अशी आमची रीत. कुणी पाडली कोण जाणे, पण मेली मोडवत नाही.

आपाचे गुडघे नव्हते दुखत. तिच्या पोटात कॅन्सर होता आणि तो पसरला होता. सहलीची आखणी चालली होती तेव्हाच ती दवाखान्याच्या वाऱ्या करत होती. हमदूला कळलं तर तो सगळं टाकून इथं येऊन माझ्या उशाशी रडत बसेल, त्यापेक्षा त्याला जाऊ दे, असं म्हणून तिनं यम्नाभाभींना आणि उझैरला शपथ घातली होती. तो परत येईपर्यंत काहीही झालं तरी सांगायचं नाही.

पहिल्या दिवशी भाई सक्काराला पोचले आणि त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. आपानं तिकडचा कॅमेरा बंदच ठेवला, नेट कमी आहे म्हणाली. तो कॉल कसा झाला ते भाईंनी मला नंतर सांगितलं. फोन डावीकडे कर, अजून डावीकडे, असं करत तिनं त्यांना पिरॅमिडच्या पायाशी नेलं आणि हात लावायला सांगितला.

"गरम आहे का रे दगड?"

"गरम आहे, आपा."

"म्हणजे खरंच आहे," ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी आपा गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला माती दिली.

उझैरचा फोन मला दुपारी आला. बाबांना इतक्यात सांगू नका, परत येतील तेव्हा एअरपोर्टवर जा आणि त्यांना सांभाळा, म्हणाला. मी त्याला नाही नाही ते बोलले. अरे, सख्खी बहीण गेली त्यांची, आईच ती, मूठभर मातीही देऊ दिली नाहीत तुम्ही! पोरगा रडत म्हणाला, मावशी, आपाची शपथ आहे, मी काय करू? मी फोन ठेवला.

तिकडून भाईंचे फोटो येतच होते. गिझा पुढून, गिझा मागून, म्युझियममधल्या मूर्ती, नाईल. आपाला पाठवायचे तेच मलाही पाठवायचे. आपाच्या फोनवरून उझैर प्रत्येक फोटोला अंगठा पाठवत होता.

शारजा एअरपोर्टवर ते बॅग ओढत बाहेर आले. तोंड उन्हानं रापलेलं, डोळे लाल. काय बोलायचं ते मी टॅक्सीत घोकून ठेवलं होतं, पण त्यांना बघितल्यावर मी भलतंच विचारलं, विमानात जेवायला दिलं का? त्यांनीच माझ्या पाठीवर हात ठेवला.

"मला माहीत आहे, विभाताई," ते म्हणाले.

मी विचारलं, कुणी सांगितलं?

कुणीच नाही, म्हणाले. गिझाला पोचल्यावर पहिला फोटो टाकला आणि आपाचा आवाज आला नाही, नुसता अंगठा आला. ती असती तर अंगठ्यावर भागवलं असतं तिनं? वाळूतच खाली बसले होते ते. गाईड म्हणाला, ऊन लागलं. पाणी प्यायले, उठले आणि पुढचा फोटो काढला.

मला रागच आला. सगळ्यांचाच आला, मेलेल्या आपाचासुद्धा. मी म्हटलं, अहो, मग तिथूनच फोन का नाही केलात? उझैरला स्पष्ट विचारायचं तरी!

हमदुल्लाभाई बॅगेच्या दांड्यावर रेलून उभे राहिले. आजूबाजूला लोक आपापल्या माणसांना भेटत होते.

"विचारलं असतं तर त्याला सांगावं लागलं असतं, ताई," ते म्हणाले. "मग पुढचे फोटो मी कुणाला पाठवले असते?"